दूलॉस म्हणजे गुलाम

आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय चालू होता. 'कोणीही दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही' हे वचन वाचून झालं, तशा भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "असं कसं भाऊ? मी तर चार घरची चाकरी करते. सकाळी दोन, दुपारी दोन. एकाही बाईची तक्रार नाही." सगळे हसले, त्याही हसल्या. मी ठरलेलं उत्तर दिलं, की इथे मनाच्या निष्ठेबद्दल बोलणं चाललंय, धुण्याभांड्यांबद्दल नाही. त्यांनी मान हलवली आणि आम्ही पुढच्या वचनाकडे वळलो.

घरी आल्यावर ते उत्तर मला बोचत राहिलं, कारण बरोबर त्या होत्या. मराठीत ते वाक्य खोटं ठरतं. चाकरी दोन काय, चार ठिकाणी करता येते. पटलं नाही तर एक घर सोडून दुसरं धरता येतं. येशूच्या तोंडचं वाक्य ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्यांना असा प्रश्न पडलाच नसता. मूळ ग्रीकमध्ये तिथे चाकरी नाही. 'दूलेवेइन' असं क्रियापद आहे आणि ते 'दूलॉस' या नामापासून आलेलं आहे. दूलॉस म्हणजे गुलाम. दिवस, रात्र, हातपाय, पोटची पोरं, सगळं ज्याचं दुसऱ्याच्या मालकीचं, तो. एकाच गुलामावर दोघातिघांची मालकी असल्याची उदाहरणं त्या काळात होती. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहरातली जी मुलगी भविष्य सांगून मिळकत करते, तिला 'धनी' अनेक आहेत. पण म्हणूनच ते वचन ऐकणाऱ्याला लागलीच कळत होतं. दोघांनी एकाच देहावर पूर्ण हक्क सांगितला की त्या देहाचे काय हाल होतात, हे त्यांनी गल्लीत पाहिलेलं होतं.

त्या संध्याकाळपासून माझं मत पक्कं होत गेलं, ते इथे मांडतो. मराठी बायबलमध्ये जिथे एक माणूस दुसऱ्या माणसाच्या मालकीचा आहे, तिथे 'दास' आणि 'चाकर' हे शब्द काढून 'गुलाम' लिहायला हवं. हा व्याकरणाचा किंवा अभ्यासकांच्या टिपणांचा प्रश्न नाही. दर रविवारी हजारो माणसं हे शब्द मोठ्याने वाचतात, ऐकतात आणि त्यावरून आपल्या घरातल्या, शेतातल्या, कारखान्यातल्या नात्यांना माप लावतात.

आधी शब्दाबद्दल. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, 'दूलॉस' सुमारे सव्वाशे वेळा येतो. त्याच्या आसपास दुसरे बरेच शब्द आहेत आणि लिहिणारे त्यांची गल्लत करत नाहीत. 'दियाकोनॉस' म्हणजे सेवा करणारा, पंगतीत वाढणारा. 'मिस्थिऑस' म्हणजे रोजंदारीवरचा मजूर. 'ओइकेतेस' म्हणजे घरच्या परिवारातला राबता माणूस. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, बापाचा पैसा उडवून बसलेला मुलगा डुकरं चारताना मनाशी ठरवतो, की बापाकडे जाऊन म्हणावं, मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवा. तिथे 'मिस्थिऑस' आहे. तो गुलाम व्हायला तयार नाही, मजुरी मागतोय. पुढे घरी असलेला थोरला भाऊ चिडून म्हणतो, 'इतकी वर्षं मी तुमची...' आणि त्याच्या तोंडी मात्र 'दूलेवो' येतं. मराठीत आपण तिथे 'सेवाचाकरी' वाचतो. तो म्हणतोय, मी तुमच्याकडे गुलामासारखा राबलो. ज्याने घर सोडलं त्याला मजुराचं स्वातंत्र्य आठवतं आणि जो घरात राहिला तो स्वतःला गुलाम समजतो. सगळा दाखला या दोन शब्दांमध्ये ताणलेला आहे, आणि मराठीत तो ताण सैल पडतो.

आणखी एक शब्द आहे, 'पाइस'. त्याचा अर्थ मूल, आणि गुलामही. शताधिपतीचा, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याचा, जो आजारी 'पाइस' येशू बरा करतो, तो त्याचा मुलगा की गुलाम, यावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. आपल्याला हे समजायला कोशाची गरज पडू नये. टपरीवर चहा आणून देणारा चाळिशीचा झाला तरी 'पोऱ्या'च असतो. आणि 'गुलाम' हा अरबी शब्दही मुळात मुलगा, पोरगा याच अर्थाचा. ज्याला कधी मोठं होऊ द्यायचं नाही, त्याला मूल म्हणायचं. वेगवेगळ्या भाषांनी एकमेकींना न विचारता हाच मार्ग धरला.

मग 'दास' या शब्दात काय अडचण आहे? कोशात पाहिलं तर काहीच नाही. संस्कृतात दास म्हणजे गुलामच. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दासांचे सात प्रकार मोजले आहेत: युद्धात पकडलेला, अन्नासाठी दास झालेला, घरातच जन्मलेला, विकत घेतलेला, दानात आलेला, वडिलोपार्जित आणि दंडापोटी दास झालेला. रोमन कायदा जाणणाऱ्या कोणालाही ही यादी ओळखीची वाटेल. पण शब्द कोशात राहत नाहीत, तोंडात राहतात. मराठी माणसाच्या तोंडात 'दास' म्हटलं की समर्थ रामदास येतात, नामयाची दासी जनी येते, कपाळावर बुक्का लावून हात जोडून उभा असलेला भक्त येतो. शेकडो वर्षांच्या भक्तीने हा शब्द इतका धुतला आहे की त्याला आता बाजाराचा वास येत नाही. जनाबाई खरोखरच नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी दासी होती, हेसुद्धा आपण विसरतो. तिच्या 'दासी'पणातली घरकामाची रांधण-उष्टी आपण मागे ठेवली आणि देवाशी असलेलं लडिवाळ नातं तेवढं घेतलं.

बाजाराचा वास असलेले शब्द मराठीत नव्हते असं नाही. कुणबीण, बटीक हे शब्द होते. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. 'बटकीची' ही शिवी आमच्या आजीच्या पिढीपर्यंत सर्रास होती, आणि ती शिवी होती यातच सगळं आलं. कंपनी सरकारने १८४३ च्या ५ व्या कायद्याने माणसावरच्या मालकीला कोर्टात मान्यता देणं बंद केलं. म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला १८११ साली नवा करार मराठीत छापला गेला, तेव्हा मराठी मुलखात माणसं विकली जात होती.

गोव्यात तर अगदी उघड्यावर. यान हायगेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात राहिला. तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या रोजच्या लिलावाचं त्याने वर्णन करून ठेवलं आहे. अरबी घोडे, मसाले, भारी कापड आणि माणसं. हे वाचताना मला बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, योहानाच्या प्रकटीकरणाचा, अठरावा अध्याय आठवतो. 'बाबेल' म्हणून जिला हाक मारली आहे त्या रोम नगरीचा व्यापार बुडाल्यावर व्यापारी रडतात, आणि आता कोणी घेणार नाही अशा मालाची यादी येते. सोनं, रुपं, मोती, तलम वस्त्रं, हस्तिदंत, दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ. यादीच्या अगदी शेवटी 'सोमाता' असा शब्द आहे. सोमाता म्हणजे शरीरं. ग्रीक बाजारात गुलामांना असंच म्हणत: इतकी शरीरं आली, इतकी गेली. योहान त्या शब्दापाशी थांबतो आणि जोडतो, 'म्हणजे माणसांचे जीव'. व्यापाऱ्याच्या वहीतला शब्द त्याने आहे तसा लिहिला, मऊ केला नाही. आणि मग त्याच्या शेजारी खरा शब्द ठेवला. बायबलमध्ये भाषांतरकाराने शिकावं असं जर काही असेल तर ते इथे आहे.

आता मला माझ्या मताच्या सगळ्यात अडचणीच्या जागेकडे यायला हवं. 'गुलाम' हा नेमका शब्द लिहिला की आपोआप न्यायाची बाजू बळकट होते, असं मानून मी सुरुवात केली होती. इतिहास तसं सांगत नाही.

इंग्रजीतलं १६११ चं राजाश्रयाचं (किंग जेम्स) भाषांतर जवळजवळ सगळीकडे दूलॉससाठी नोकर या अर्थाचा शब्द वापरतं. गुलाम या अर्थाचा शब्द त्या अख्ख्या बायबलात दोनदा येतो: एकदा यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात, तोही मूळ हिब्रूत नसलेला, आणि एकदा प्रकटीकरणातल्या त्याच यादीत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीवरून वाद पेटला, तेव्हा गुलामगिरीविरोधी पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, या मऊ शब्दाचा आधार घेतला. फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट बार्न्स यांनी १८४६ साली मोठा ग्रंथ लिहून मांडलं, की दूलॉस म्हणजे गुलामच असं काही नाही, तो कोणत्याही प्रकारचा सेवक असू शकतो, तेव्हा बायबल गुलामगिरीला मान्यता देतं असं म्हणू नका. त्यांचा हेतू शंभर टक्के योग्य होता. पण शब्दार्थाच्या बाबतीत त्यांची बाजू लंगडी होती. समोरचे, म्हणजे गुलामांचे मालक आणि त्यांची तळी उचलणारे धर्मपंडित, दूलॉस म्हणजे गुलाम असं ठासून सांगत होते, आणि तेवढ्यापुरते ते बरोबर होते. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र दाखवून ते म्हणत, पाहा, प्रेषित पौलाने पळालेला गुलाम मालकाकडे परत पाठवला. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना पकडून परत करणं बंधनकारक केलं, तेव्हा हे पत्र व्यासपीठांवरून वाचलं जात होतं.

हे वाचून मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. खरा अर्थ जुलूम करणाऱ्याच्या हाती आणि खोटा अर्थ भल्या माणसाच्या हाती, अशी वाटणी पाहिल्यावर माणूस गप्प बसावा अशीच ती गोष्ट आहे. पण जितका विचार केला तितकं मला वाटू लागलं की बार्न्स यांची चूक वेगळ्या जागी होती. शब्द मऊ केला की ग्रंथ निर्दोष ठरेल, असं त्यांना वाटलं. त्यामुळे खरा प्रश्न विचारायचा राहून गेला. पौलाच्या जगात गुलामगिरी हवेसारखी सगळीकडे होती. त्याने तिच्यावर सरळ घाव घातला का? नसेल, तर आपण काय करायचं? हा प्रश्न 'नोकर' शब्दाच्या आडोशाने कधीच उभा राहत नाही.

तो प्रश्न ज्यांनी उभा केला ती माणसं ग्रीक शिकलेली नव्हती. हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मचिंतक. १९३५-३६ मध्ये ते भारतात आले होते, बारडोलीला गांधीजींना भेटले होते. त्यांची आजी गुलामगिरीत जन्मलेली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून लहानपणी थर्मन तिला बायबल वाचून दाखवत. ती पौलाची पत्रं वाचू द्यायची नाही. प्रीतीवरचा करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय तेवढा कधीमधी चाले. पुढे मोठेपणी त्यांनी कारण विचारलं. ती म्हणाली, मालकाने आणलेला गोरा पाळक वर्षातून तीनचार वेळा तरी 'गुलामांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा' यावरच उपदेश करायचा. तेव्हाच मी ठरवलं, कधी सुटले आणि वाचायला शिकले तर बायबलाचा तो भाग वाचायचा नाही. त्या बाईला शब्दाचा अर्थ नीट कळला होता. कळला होता म्हणूनच तिला त्याच्याशी भांडता आलं.

तिच्या आधी, १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं होतं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास 'निवडलेलं'. त्यात जुन्या कराराचा बहुतेक भाग नव्हता. इस्राएल लोक मिसरातून सुटले ती कथाच गाळलेली. 'दास नाही व स्वतंत्र नाही' असं म्हणणारं गलतीकरांच्या पत्रातलं वचनही नाही. धन्याच्या आज्ञा पाळा, हे मात्र जागच्या जागी. कात्री लावणाऱ्यांनाही ग्रंथात काय धोकादायक आहे हे ठाऊक होतं.

आता आक्षेप. मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवला जातो तो असा: प्राचीन काळची गुलामगिरी अमेरिकेसारखी नव्हती. रंगावरून नव्हती, गुलाम शिकलेले असत, वैद्य असत, हिशेबनीस असत, पुढे मोकळेही होत. एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ गुलामच होता. सगळं खरं. आमच्या गटातले एक काका तर म्हणाले, "आपल्याकडच्या सालगड्यासारखं असेल." मी सालगडी जवळून पाहिलेत. पाडव्याला साल ठरतं, उचल घेतली जाते आणि ती उचल फिटता फिटत नाही. ते जिणं कमी जाच करणारं नाही. पण सालगड्याची लेक मालकाला बाजारात नेऊन विकता येत नाही. सालगडी कोर्टात साक्ष द्यायला उभा राहिला तर आधी त्याचा छळ करायचा असा नियम नाही. अथेन्सच्या कोर्टात गुलामाची साक्ष छळ करून घेतली तरच ती ग्राह्य धरत. अ‍ॅरिस्टॉटल गुलामाला 'जिवंत अवजार' म्हणतो, निव्वळ सोयीची व्याख्या म्हणून. ग्रीकमध्ये गुलामासाठी 'आंद्रापोदॉन' असाही शब्द आहे. गुराला 'चारपायी' म्हणत, त्याच साच्यात घडवलेला हा 'माणूसपायी'.

रोमच्या एका संग्रहालयात लोखंडी गळपट्टा ठेवला आहे, त्याला लटकवलेला बिल्ला आहे. त्यावर लिहिलंय: मी पळालो आहे, मला धरा, माझ्या धन्याला, झोनिनसला परत कराल तर एक सोन्याचं नाणं मिळेल. असे अनेक गळपट्टे सापडले आहेत, चौथ्या-पाचव्या शतकातले, म्हणजे साम्राज्य ख्रिस्ती झाल्यानंतरचे. सार्डिनियात सापडलेल्या एका पट्ट्यावर मालकाचं नाव फेलिक्स, हुद्दा आर्चडीकन. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मोठा सेवक. 'दियाकोनॉस' म्हणजे सेवक, आणि या सेवकाच्या गुलामाच्या गळ्यात लोखंड. येशूने मत्तयाच्या विसाव्या अध्यायात हे दोन शब्द एकापाठोपाठ ठेवले होते: ज्याला मोठं व्हायचंय त्याने तुमचा दियाकोनॉस व्हावं, ज्याला पहिलं व्हायचंय त्याने तुमचा दूलॉस व्हावं. मंडळीने पहिल्या शब्दाचा हुद्दा केला. दुसरा शब्द दुसऱ्याच्या गळ्यात अडकवला. तरी याच चौथ्या शतकात निसाचा ग्रेगरी नावाचा बिशप बायबलमधल्या 'उपदेशक' या ग्रंथावर प्रवचन करताना मालकांना विचारत होता, की देवाच्या प्रतिमेला तुम्ही किती नाणी मोजलीत? प्राचीन जगात गुलाम बाळगण्यावरच इतका सरळ हल्ला दुसरा आढळत नाही. ग्रेगरीला दूलॉसचा अर्थ 'नोकर' असा कोणी सांगितला असता, तर हे प्रवचन त्याला सुचलंच नसतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला आपल्याच माणसांकडून ऐकायला मिळाला. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळीचा मोठा भाग अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), जालना भागातल्या अस्पृश्य मानलेल्या जातींमधून आलेला आहे. आमचे पणजोबा तिथलेच. ज्यांना पिढ्यान् पिढ्या गुलामासारखं वागवलं, त्यांनी देवळात येऊन पुन्हा 'आम्ही गुलाम' म्हणायचं? एका तरुण मुलाने मला हे तोंडावर विचारलं. माझं उत्तर असं: म्हणूनच तर. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याला 'सेवाधर्म' असं नाव दिलं नाही, 'गुलामगिरी' असं दिलं. ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. शूद्रातिशूद्रांचं जे चाललं होतं त्याला परंपरेत गोंडस नावं पुष्कळ होती. फुल्यांनी ती बाजूला सारली आणि जे आहे त्याला त्याच्या नावाने हाक मारली. हा शब्द आमचा अपमान करत नाही, आमच्या पूर्वजांचा जो अपमान झाला त्याची नोंद ठेवतो. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं की ख्रिस्ताने 'दूलॉसचं' रूप घेतलं आणि वधस्तंभावर मरण सोसलं. वधस्तंभ ही गुलामांना देण्याची शिक्षा होती, म्हणून ही दोन्ही वाक्यं शेजारी आहेत. 'दासाचे स्वरूप' म्हटलं की नम्र देव दिसतो. 'गुलामाचं रूप' म्हटलं की ज्याला मारून टाकलं तरी कोणी विचारणार नाही असा माणूस दिसतो. आमच्या पणजोबांना कोणता ख्रिस्त जवळचा वाटला असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

१८७३ हे साल आणखी एका कारणाने माझ्या डोक्यात बसलं आहे. नाशिकजवळ शरणपूर नावाची मिशनरी वस्ती होती. हिंदी महासागरात गुलामांनी भरलेली गलबतं इंग्रजी आरमाराने पकडली, की त्यातली काही आफ्रिकन मुलं तिथे आणून शिकवली जात. जेकब वेनराइट त्यातलाच एक. १८७३ च्या मे महिन्यात आजच्या झांबियात मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना या नाशिकला शिकलेल्या मुलाने वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. पुढच्या वर्षी लंडनमध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. शरणपूरच्या शाळेत अशी मुलं बाकावर बसलेली असताना वर्गात फिलेमोनाचं पत्र वाचलं जातंय, असं चित्र मी मनासमोर आणतो. त्यांच्यासमोर 'चाकर' म्हणण्याची कोणाची हिंमत झाली असती?

सगळीकडे सरसकट गुलाम लिहा, असं मात्र मी म्हणत नाही. जुन्या करारात 'परमेश्वराचा सेवक' ही मोशेची, यहोशवाची, दावीदाची पदवी आहे. तिथल्या हिब्रू 'एबेद' शब्दात मान आहे, राजाच्या दरबारातल्या जवळच्या माणसाचा मान. पौल रोमकरांना पत्र लिहिताना पहिल्याच ओळीत स्वतःला ख्रिस्त येशूचा दूलॉस म्हणवतो, तेव्हा त्याच्या कानात ही पदवीही घुमत असते. तिथे 'दास' राहू द्यावं, तळाशी टीप द्यावी. मरिया देवदूताला म्हणते 'पाहा, मी प्रभूची दासी', तिथे 'बटीक' लिहा असं सांगायला माझी जीभ धजत नाही. वसईपासून गोव्यापर्यंत पिढ्यांनी त्रिकाळ प्रार्थनेत हे वाक्य म्हटलंय, आणि तिथे तिने स्वतः होकार दिला आहे. माणसाने माणसाला विकत घेतलं ती गोष्ट वेगळी. दाखल्यांमधले सगळे 'दास', इफिसकर आणि कलस्सैकरांच्या पत्रांत ज्यांना आज्ञेत राहायला सांगितलंय ते, फिलेमोनाच्या पत्रातला पळालेला गुलाम अनेसिम, आणि फिलिप्पैकरांमधला ख्रिस्त. या जागी गुलाम.

इंग्रजीतही हा गुंता सुटलेला नाही. २०१० साली केंब्रिजला एका भाषांतर समितीने याच शब्दावर वाद घातला, कॅमेऱ्यासमोर. शेवटी त्यांनी 'बांधील सेवक' अशा अर्थाचा जुना शब्द उकरून काढला. मला ती पळवाट वाटते. ज्या शब्दाने कोणाच्याच डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, तो कोणालाच दुखवत नाही.

आपल्याकडे या कामाला आधार आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी करण्यात घालवली. १९२२ साली त्या गेल्या, तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. जुळारी त्यांच्याच मुक्ती मिशन या आश्रमातल्या मुली होत्या. रमाबाईंचा आग्रह होता की खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा हवी, आणि ज्या संस्कृत शब्दांवर दुसऱ्या अर्थांची पुटं चढलेली आहेत ते टाळावेत. त्यांनी हाताने घालून दिलेली ही कसोटी 'दास' या शब्दाला लावली, तर तो तिथे टिकत नाही.

पौल करिंथकरांना लिहितो, गुलाम असताना तुला पाचारण झालं का? चिंता करू नकोस. पण मोकळं होता येत असेल तर... आणि पुढे ग्रीकमध्ये 'त्यापेक्षा वापर करून घे' एवढंच आहे. कशाचा? स्वातंत्र्याचा की गुलामीचा? शब्द गाळलेला आहे. ख्रिसोस्तोम या प्राचीन बिशपने 'गुलामीतच राहा' असा अर्थ लावला, आजचे बहुतेक अभ्यासक 'स्वातंत्र्य घे' असा लावतात. 'दास' लिहिलं तर ही फट दिसतच नाही. 'गुलाम' लिहिलं की वाचणाऱ्याला थांबून निवड करावी लागते.

मागच्या महिन्यात गटात आम्ही फिलेमोनाचं पत्र घेतलं. पंचवीस वचनांचं एवढंसं पत्र, पण मी घरून वहीत जिथे जिथे 'दास' तिथे 'गुलाम' लिहून नेलं होतं. 'आता गुलाम म्हणून नव्हे, तर गुलामापेक्षा अधिक, प्रिय भाऊ म्हणून.' वाचताना माझाच आवाज थोडा अडखळला. चार घरची कामं करणाऱ्या त्या मावशी पुढे सरकून बसल्या होत्या. मी पुढचं वाचलं: त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, तुझं देणं लागत असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन.

"परत वाचा ते," मावशी म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"म्हणजे पैसे भरायला तयार झाला," त्या म्हणाल्या, "भाऊ म्हण म्हणाला. पण 'सोड त्याला' असं नाही ना लिहिलं कुठं?"

मी पत्र वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा पाहिलं.

"नाही," मी म्हणालो, "तेवढं नाही लिहिलं."